आंब्यापासून तुळशीपर्यंत सगळ्यांना नावं देणाऱ्या माणसाचं स्वतःचं फूल कोणतं? उत्तरेच्या जंगलातल्या 'लिनिया'ची गोष्ट

आंब्याचं शास्त्रीय नाव मँजिफेरा इंडिका. वडाचं फायकस बेंगालेन्सिस, चिंचेचं टॅमरिंडस इंडिका आणि तुळशीचं ऑसिमम टेन्युइफ्लोरम. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ही नावं पाहिली असतील, तर त्यांच्या शेवटी लटकलेलं एक एकटंच अक्षरही पाहिलं असेल: 'एल.' हे अक्षर म्हणजे नाव देणाऱ्याची सही आहे. त्याचं नाव कार्ल लिनियस. जन्म १७०७, मृत्यू १७७८, देश स्वीडन. १७५३ साली त्याने 'स्पीशीज प्लँटॅरम' हा ग्रंथ छापला, त्यात तेव्हा माहीत असलेल्या सुमारे सहा हजार वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावं दिली आणि तेव्हापासून जगभर तीच पद्धत चालू आहे.

सगळ्या जगाच्या झाडांचं बारसं करणाऱ्या या माणसाचं स्वतःचं लाडकं फूल कोणतं असेल? गुलाब? कमळ? एखादा भला मोठा वृक्ष?

यातलं काहीच नाही. त्याचं लाडकं फूल करंगळीच्या नखाएवढं आहे. ते पाइन आणि स्प्रूसच्या जंगलात शेवाळातून सरपटत जातं आणि बघायचं असेल तर गुडघे टेकून खाली वाकावं लागतं. नाव लिनिया बोरिआलिस. इंग्रजीत त्याला 'ट्विनफ्लॉवर' म्हणतात, म्हणजे जुळं फूल. आणि हे जुळं फूल आज स्कॉटलंडच्या जंगलात एका विचित्र अडचणीत सापडलंय. तिथे ते जिवंत आहे, दर उन्हाळ्यात फुलतंही, पण बी मात्र धरत नाही.

दिसतं कसं?

लिनिया हे झुडूप म्हणायचं की वेल, असा प्रश्न पडावा अशी वनस्पती आहे. दोऱ्याएवढं बारीक, पण चिवट आणि काष्ठमय खोड जमिनीलगत पसरत जातं. एक-दोन मीटर तर सहज. त्यावर समोरासमोर जोडीने येणारी गोलसर पानं असतात, साधारण एक सेंटिमीटरची. पानांच्या कडेला दोन-चार बोथट दाते. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीच्या शेतात रोपांपासून निघून जमिनीवर पळणारे 'रनर' ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही रचना लगेच समजेल. खोड पुढे सरकतं, जागोजागी मुळं धरतं आणि पुन्हा पुढे सरकतं.

जून-जुलैमध्ये या खोडावरून सरळ उभे देठ वर येतात, पाच-सात सेंटिमीटर उंचीचे. देठ टोकाला दुभंगतो, गलोलीच्या बेचक्यासारखा. प्रत्येक फांदीच्या टोकाला एक घंटा, खाली मान घातलेली. बाहेरून फिकट गुलाबी, आतून जरा गडद, गळ्याशी पिवळसर रेषा आणि बारीक लव. पाकळ्यांच्या कडा पाच, पुंकेसर मात्र चारच, त्यातले दोन लांब आणि दोन आखूड. घंटा उलटी टांगलेली असल्यामुळे पाऊस आला तरी आतले परागकण भिजत नाहीत. एका देठावर दोन फुलं हा इतका पक्का नियम आहे की इंग्रजी नावच त्यावरून पडलं.

वास येतो तो बदामासारखा, थोडा व्हॅनिलाच्या अंगाने जाणारा. एका फुलाला खास वास नसतो, पण शेकडो देठ एकत्र फुलले की फूल दिसण्याआधी वासच कळतो.

कुठे उगवते?

'बोरिआलिस' म्हणजे उत्तरेची. ऑरोरा बोरिआलिस हे उत्तर ध्रुवाकडच्या प्रकाशाचं नाव ऐकलं असेल, तोच हा शब्द. लिनियाच्या बाबतीत तो अगदी शब्दशः खरा आहे. पृथ्वीचा नकाशा वरून, म्हणजे उत्तर ध्रुवावरून पाहिला तर या वनस्पतीचा प्रदेश एखाद्या कड्यासारखा दिसतो. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, तिथून रशिया, पूर्ण सायबेरिया, चीनचा ईशान्य कोपरा, जपानमधले थंड डोंगर, मग समुद्र ओलांडून अलास्का, कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग आणि ग्रीनलंडचा दक्षिणेकडचा तुकडा. जपानी भाषेत तिला 'रिन्ने-सो' म्हणतात. रिन्ने म्हणजे लिने, जपानी उच्चारात.

या कड्यातली वनस्पती सगळीकडे अगदी एकसारखी नाही. शास्त्रज्ञ तिच्या तीन उपजाती मानतात: युरोप-आशियातली एक, उत्तर अमेरिकेतली दुसरी आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडची, लांबट फुलांची तिसरी. पण सामान्य माणसाला स्वीडनमधली लिनिया आणि कॅनडातली लिनिया शेजारी ठेवून दाखवली, तर फरक सांगता येणार नाही.

या पट्ट्यात जे जंगल आहे त्याला तैगा म्हणतात. पाइन, स्प्रूस, फर, लार्च अशा सूचिपर्णी झाडांचं, हजारो किलोमीटर पसरलेलं जंगल. आपल्याकडच्या जंगलात पावसाळ्यानंतर पानांचा खच कुजून जातो. तिथे तसं होत नाही. थंडीमुळे कुजण्याची क्रिया फार संथ असते, वर्षानुवर्षं पडलेल्या सुयांसारख्या पानांचा थर जमत जातो, माती आम्लधर्मी होते आणि तिच्यात पोषण कमी. या थरावर शेवाळाचा जाड, ओलसर गालिचा तयार होतो. लिनिया याच गालिच्यात राहते. तिची मुळं मातीत खोल जात नाहीत, शेवाळ आणि अर्धवट कुजलेल्या पानांच्या वरच्या थरातच पसरतात.

तिची आवडही ठरलेली आहे. अगदी गर्द अंधार नको, कारण मग पानं येतात पण फुलं येत नाहीत. उघडं रानही नको, कारण ऊन लागलं की शेवाळ सुकतं. वरून झाडांमधून गाळून आलेला उजेड, खाली ओलावा आणि आजूबाजूला फार उंच न वाढणारी झुडपं, असं जमलं की ती खूश. जंगलाला आग लागली तर तिची पंचाईत होते, कारण मुळं वरच असल्याने मध्यम आगीतही ती जळून जाते. मग शेजारच्या न जळलेल्या तुकड्यातून सरपटत परत येण्याची वाट बघायची.

आता 'सदाहरित' का, तेही बघू. जिथे वर्षातले सहा-सात महिने बर्फ असतं, तिथे पानं टिकवून ठेवण्यात काय अर्थ? अर्थ आहे. उन्हाळा एवढा छोटा, की बर्फ वितळल्यावर नवी पानं करायला बसलं तर अर्धा मोसम त्यातच जाईल. जुनी पानं तयार असली की सूर्य दिसल्याच्या दिवशीच अन्न बनवायला सुरुवात. शिवाय एवढ्या गरीब मातीत दरवर्षी सगळी पानं टाकून नवी करणं परवडत नाही. आणि हिवाळ्यात ही पानं उघड्यावर नसतात. वर बर्फाची जाड दुलई असते आणि तिच्याखाली तापमान बाहेरच्या हवेपेक्षा बरंच सुसह्य असतं.

युरोपात दक्षिणेकडेही तिचे काही तुटक ठिपके सापडतात. आल्प्स पर्वताच्या उंच दऱ्यांमध्ये आणि पोलंडमधल्या काही जंगलांत. हे हिमयुगाचे अवशेष आहेत. बर्फाचा थर उत्तरेकडे मागे सरकला, थंडीत रमणाऱ्या वनस्पती त्याच्यामागे उत्तरेकडे गेल्या, काही मात्र डोंगरावर चढल्या आणि तिथेच राहिल्या.

भारतात लिनिया नाही. हिमालयात देवदार आहे, फर आहे, स्प्रूस आहे, शेवाळही आहे, पण हे फूल नाही. तिची एक लांबची बहीण मात्र वायव्य हिमालयात झुडूपरूपाने आढळते, जिला बरीच वर्षं आबेलिया ट्रायफ्लोरा या नावाने ओळखलं गेलं. ही सगळी मंडळी हनीसकलच्या कुळातली.

लिनियसने हेच फूल का निवडलं?

१७३२ सालच्या मे महिन्यात, २५ वर्षांचा लिनियस उप्साला शहरातून घोड्यावर बसून निघाला. उप्सालाच्या विज्ञान संस्थेने त्याला थोडे पैसे देऊन उत्तरेकडच्या लॅपलंडमध्ये पाठवलं होतं. तिथे सामी लोक रेनडियर पाळून राहतात. झाडं, दगड, प्राणी, माणसं, औषधं, जे दिसेल ते टिपून आणायचं काम. ऑक्टोबरमध्ये तो परत आला तेव्हा त्याच्या वहीत शेकडो वनस्पतींच्या नोंदी होत्या. पुढे १७३७ मध्ये त्यातून 'फ्लोरा लॅपोनिका' हे पुस्तक झालं.

लिनिया तेव्हा शास्त्राला अगदीच नवी नव्हती. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला कँपॅन्युला म्हणजे 'घंटाफूल' या गटात टाकून ठेवलं होतं. लिनियसने बारकाईने पाहिलं आणि त्याला पटलं, की हिचा घंटाफुलांशी संबंध नाही, ही स्वतंत्र आहे. मग नाव काय द्यायचं? स्वतःचं नाव स्वतःच एखाद्या वनस्पतीला देणं तेव्हाही शोभणारं नव्हतं. हॉलंडमध्ये त्याचा मित्र आणि पाठीराखा होता यान फ्रेडरिक ग्रोनोव्हियस. नाव त्याने सुचवलं, लिनियसने आनंदाने स्वीकारलं. याबद्दल लिनियसने स्वतः जे लिहून ठेवलं त्याचा आशय असा, की ही लॅपलंडची बुटकी, कुणाच्या खिजगणतीत नसलेली, थोडाच काळ फुलणारी वनस्पती माझ्यासारखीच आहे.

ही नम्रता जरा चिमूटभर मिठासकट घ्यायला हवी. लिनियस काही लाजाळू माणूस नव्हता. आपल्या कामाची थोरवी त्याने स्वतःच ठिकठिकाणी सांगून ठेवली आहे. पण फुलावरचं त्याचं प्रेम खरं होतं. १७३७ साली मार्टिन हॉफमन या चित्रकाराने काढलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात तो सामी लोकांचा पोशाख घालून उभा आहे आणि हातात हेच फूल आहे. पुढे स्वीडनच्या राजाने उमरावपद दिलं, तो 'फॉन लिने' झाला, तेव्हा त्याच्या कुलचिन्हातही लिनिया आली. चीनमधून चहाची भांडी मागवली, तर त्यांच्यावरही हीच नक्षी.

ती भांडी आली स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांमधून. आणि याच कंपनीचा एक संचालक होता माग्नस फॉन लागरस्ट्रॉम, जो लिनियससाठी पूर्वेकडून वनस्पती मिळवून द्यायचा. त्याचे उपकार फेडायला लिनियसने एका प्रजातीला त्याचं नाव दिलं: लागरस्ट्रोमिया. ओळख पटली का? महाराष्ट्राचं राज्यपुष्प ताम्हण, त्याचं शास्त्रीय नाव लागरस्ट्रोमिया स्पेसिओसा. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास जांभळ्या फुलांनी लगडणाऱ्या आपल्या झाडाच्या नावात एका स्वीडिश व्यापाऱ्याचं आडनाव आहे ते असं.

मित्रांची नावं फुलांना, तर टीकाकारांची? योहान झिगेसबेक नावाच्या जर्मन अभ्यासकाने लिनियसच्या वर्गीकरणावर सडकून टीका केली होती. झिगेसबेकिया हे नाव एका चिकट, क्षुल्लक तणाला मिळालं, तेव्हा त्यामागे सूड होता असा किस्सा आजही चवीने सांगितला जातो. हे तण भारतातही उगवतं.

नावाची ही साखळी मागेही जाते. लिनियसच्या वडिलांना मुळात आडनाव नव्हतं, त्या काळच्या स्वीडनमध्ये बापाच्या नावावरून ओळख सांगायची रीत होती. विद्यापीठात जाताना आडनाव लागलं, म्हणून त्यांनी घराच्या जमिनीवरच्या एका मोठ्या लिंडेन वृक्षावरून 'लिनियस' हे नाव घेतलं. झाडाचं नाव माणसाला, माणसाचं फुलाला आणि आता फुलाचं पुन्हा माणसांना: 'लिनिया' हे स्वीडनमध्ये मुलींचं चांगलंच लोकप्रिय नाव आहे. लिनियसचा जन्म झालेल्या स्मोलंड प्रांताचं हे प्रांतपुष्पही आहे.

मग अडचण काय?

स्वीडनमध्ये किंवा कॅनडात जंगलात चालताना लिनिया पायाखाली येऊ शकते, इतकी ती तिथे सामान्य आहे. संपूर्ण जगाचा विचार केला तर ती नामशेष होण्याच्या वाटेवर मुळीच नाही. अडचण आहे ती प्रदेशाच्या कडेला, जिथे जंगलाचे तुकडे झालेत. त्यात सगळ्यात बारकाईने अभ्यासलेलं उदाहरण स्कॉटलंडचं.

स्कॉटलंडचा डोंगराळ भाग एके काळी पाइनच्या जंगलाने बऱ्यापैकी झाकलेला होता. या जंगलाला 'कॅलिडोनियन' जंगल म्हणतात. हजारो वर्षांत हवामान बदललं, शेती आली, लाकूडतोड झाली, मेंढ्या आल्या, हरणं बेसुमार वाढली आणि कोवळं पाइनचं रोप उगवलं की खाल्लं जाऊ लागलं. दोन महायुद्धांत लाकडासाठी पुन्हा मोठी तोड झाली. दुसऱ्या महायुद्धात तर कॅनडाहून लाकूडतोड्यांच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या होत्या. आज मूळ जंगलाचे छोटे-छोटे तुकडेच शिल्लक आहेत. त्यातले महत्त्वाचे तुकडे केर्नगॉर्म्स डोंगरांच्या पायथ्याशी आहेत, ॲबरनेथीसारख्या जंगलांत. ब्रिटनमधली बरीचशी लिनियाही याच भागात आहे.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. एखाद्या पाइनच्या झाडाखाली लिनियाचा गालिचा पसरलाय, पाचशे देठ, हजार फुलं. बघणाऱ्याला वाटेल, अरे वा, इथे तर शेकडो रोपं आहेत. प्रत्यक्षात तिथे एकच रोप असू शकतं.

उसाचं उदाहरण घ्या. कोल्हापूरकडचा शेतकरी ऊस बीपासून लावत नाही, कांड्यांचं बेणं लावतो. को ८६०३२ या वाणाचं शेत कितीही एकरांचं असो, त्यातला प्रत्येक ऊस आनुवंशिकदृष्ट्या एकच आहे, एकाच मूळ उसाची नक्कल. लिनियाचंही तसंच. तिचं खोड पुढे जातं, मुळं धरतं, मागचा भाग कालांतराने कुजतो, पुढचे भाग सुटे होतात. दिसायला वेगळी रोपं, पण रक्त एकच. अशा समूहाला 'क्लोन' म्हणतात. त्याचं वय सांगणंही कठीण, कारण मोजायला जुना भाग उरलेलाच नसतो.

नुसता क्लोन असण्याने बिघडत नाही. बिघडतं ते लिनियाच्या दुसऱ्या स्वभावामुळे. ती स्वतःच्या परागकणांनी बी धरत नाही. आपल्याकडे सगोत्र विवाह चालत नाही म्हणायचे, तसा हिचा नियम, फक्त हिच्याकडे त्याला पळवाट नाही. परागकण आपल्याच क्लोनचा आहे हे तिला रासायनिक पातळीवर कळतं आणि तो नाकारला जातो. निसर्गात हा नियम चांगल्यासाठी आहे, त्यामुळे प्रत्येक बी दोन वेगळ्या पालकांची होते. मोठ्या, सलग जंगलात दोन-चार पावलांवर दुसरा क्लोन असतोच, काही अडत नाही.

पण जंगलाचा तुकडा लहान असेल आणि त्यात एकच क्लोन उरला असेल, तर? मग हजार फुलं फुलली तरी त्यांच्यात जोडीदार कुणीच नाही. सगळी फुलं म्हणजे तीच.

या अंदाजाला पुरावा मिळाला तो स्कॉटलंडमधल्या अभ्यासातून, जो २००९ साली 'ॲनल्स ऑफ बॉटनी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लहान, एकट्या पडलेल्या ठिकाणी फळधारणा फार कमी आढळली. शेजारी वेगळा क्लोन असला की बी धरण्याचं प्रमाण वाढत होतं. आणि हाताने दुसऱ्या क्लोनचे परागकण आणून लावले, तर फुलं व्यवस्थित फळत होती. म्हणजे फुलं निरोगी होती, कमी होती ती वेगळ्या परागकणांची.

ते पोहोचवणार कोण? लिनियाच्या फुलांवर येणारे पाहुणे बहुतेक छोट्या माश्या, घिरट्या घालत एका जागी थांबणाऱ्या माश्या आणि काही एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या. मोठे भुंगे या इवल्या घंटेकडे फारसे फिरकत नाहीत. आणि या छोट्या माश्या एका फुलावरून उठल्या की शेजारच्याच फुलावर बसतात. परागकण बहुतेक वेळा काही मीटरच प्रवास करतात. दुसरा क्लोन डोंगरापलीकडे एक किलोमीटरवर असेल, तर तो असून नसल्यासारखाच.

बरं, एवढं असूनही ही वनस्पती लगेच मरत नाही. ती सरपटत राहते, फुलत राहते, बघणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. खरी फसगत इथे आहे. जंगलखात्याच्या माणसाने दर उन्हाळ्यात येऊन फुलं मोजली, तरी आकडा चांगलाच येईल. पण नवी रोपं तयार होत नाहीत, नव्या जागी ती जात नाही. आणि एखादं वर्ष असं येतं की यंत्र त्या गालिच्यावरून जातं, किंवा लागवडीची झाडं एवढी दाट होतात की खाली अंधार पडतो, किंवा वरची झाडं एकदम तोडल्याने शेवाळ वाळतं. तो क्लोन गेला की गेला, मागे बी नाही.

जोडी कशी जुळवतात?

उपाय ऐकायला अगदी साधा आहे: एका ठिकाणचं रोप उचलून दुसऱ्या ठिकाणच्या रोपाशेजारी लावायचं. केर्नगॉर्म्समध्ये हे काम संवर्धन संस्था आणि स्वयंसेवक करतात. ब्रिटनमधली 'प्लँटलाइफ' ही वन्य वनस्पतींसाठी काम करणारी संस्था त्यात आहे.

करताना मात्र बरंच सांभाळावं लागतं. आधी कुठे किती क्लोन आहेत हे ठरवायचं, त्यासाठी पानांच्या नमुन्यांवरून आनुवंशिक तपासणी. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही. मग वेगळ्या क्लोनच्या खोडाचे तुकडे घ्यायचे, कुंडीत मुळं धरू द्यायची आणि ते एकट्या पडलेल्या गालिच्याजवळ लावायचे. अंतर एवढंच ठेवायचं की छोटी माशी एका फेरीत दोन्हीकडे जाईल. अगदी चिकटूनही चालत नाही, नाहीतर जुना क्लोन नव्यावर पसरतो. आजूबाजूला ब्लूबेरीच्या जातीतली झुडपं आणि हेदर फार माजलेली असतील, तर तीही आटोक्यात ठेवावी लागतात. त्यानंतर थांबायचं. लावलेलं रोप पसरायला आणि फुलायला काही वर्षं जातात, आणि दोन्ही क्लोन एकाच वेळी फुलावे लागतात.

काहींना यावर आक्षेप असतो, की निसर्गात माणसाने एवढी ढवळाढवळ कशाला करावी? आक्षेप अगदीच चुकीचा नाही. दूरच्या प्रदेशातली रोपं आणून लावली, तर स्थानिक गुण हरवू शकतात, म्हणून रोपं शक्यतो त्याच परिसरातली घेणं चांगलं. पण तुकडे माणसानेच पाडलेत. दोन तुकड्यांमधलं जंगल पुन्हा उभं राहायला पाइनच्या हिशेबाने शंभर-दीडशे वर्षं लागतील. ते कामही स्कॉटलंडमध्ये सुरू आहे. हरणांची संख्या कमी करून जंगल आपोआप वाढू दिलं जातंय. पण तोवर या एकट्या क्लोनांनी तग धरायला हवा. शिवाय हवामान तापत चाललंय आणि लिनियासारख्या थंड प्रदेशातल्या वनस्पतीला दक्षिणेच्या कडेला त्याची झळ आधी लागणार. सरकायचं तर बी हवं, आणि बी हवं तर जोडीदार.

जुळवाजुळव यशस्वी झाली की नाही, हे फुलांवरून कळत नाही. त्यासाठी जुलैचा बहर ओसरल्यावर, ऑगस्टच्या शेवटी, पुन्हा गुडघे टेकावे लागतात. वाळलेल्या बेचक्याच्या टोकाला मिऱ्यापेक्षाही लहान, कोरडं फळ लागलंय का ते बघायचं. फळाला लागून असलेल्या छोट्या पानांवर चिकट केस असतात. कुणी घासून गेलं की फळ त्याला चिकटतं: हरणाच्या अंगाला, पक्ष्याच्या पिसांना, फिरायला आलेल्याच्या कुत्र्याला किंवा मोज्याला. अंडाशयात कप्पे तीन असतात, पण त्यातला एकच वाढतो, म्हणून एका फळात बी एकच. एका देठावरच्या दोन्ही फुलांचं सगळं जमून आलं, तरी बिया जास्तीत जास्त दोन.